बाईच्या जिवाची धडधड ग्रामसभेत मांडा



पाड्यावर एखादीला रात्र-रात्र झोप लागत नाही. भाकर गोड लागत नाही, छातीत धडधडतं, उगाच रडू येतं. चुलीपाशी बसली की बसूनच राहते. विचारलं तर म्हणते, डोकं दुखतं. मग घरचे तिला भगताकडे नेऊन कोंबडा देतात, नाहीतर बाजारातल्या डॉक्टरकडे सुई मारून आणतात. तरी बरी झाली नाही की बोलणं सुरू, नाटकं करते, आळशी झाली, ठाण्याला पाठवा हिला.

माझं म्हणणं सरळ आहे. हा आजार आहे, जसा हिवताप आजार आहे. आणि ज्या गोष्टींसाठी आपली संघटना लढते, तिथेच याची पुष्कळ मुळं आहेत.

दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे पाडे ओस पडतात. माणसं भिवंडी, वसईकडे वीटभट्टीवर जातात. बयाणा नवरा घेतो, फेडायला जोडी लागते. बाई मध्यरात्री उठून मातीत उभी राहते, पोर झोळीत रडतं. आठवड्याची खर्ची नवऱ्याच्या हातात, त्यातली अर्धी दारूत. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो तर मालकाचंच अंगावर निघतं, म्हणजे पुढच्या साली परत तीच भट्टी. जिला हे आधीच माहीत आहे तिला झोप कशी लागेल?

जी घरी राहते तिच्या वाट्याला प्लॉट राखणं. फॉरेस्टवाले कधी येतील, नागली-वरईच्या जागेत खड्डे कधी खणतील, याचा घोर तिलाच. दावा टाकून वर्षं झाली, कागद वरच्या समितीत पडून आहे. नवरा तारखेला गेला की गाडीचा आवाज आला तरी तिचा जीव दचकतो.

आणि जिचं पोर गेलं ती? 1992-93 साली वावर-वांगणीत पोरं गेली तेव्हापासून आपल्या भागात मंत्री आले, गाड्या आल्या, वजनकाटे आले. पोराचं वजन किती होतं ते लिहून घेतात. आई किती रात्री जागी आहे, याचा रकाना त्या फॉर्मात नाही.

काही भाऊ म्हणतात, आधी जमीन, मग बायांचं बघू. मी विचारते, फॉरेस्टच्या गाडीपुढे आडवं कोण होतं? मोर्चात भाकरी बांधून पुढे कोण चालतं? आणि समजा एखादी मोर्चाला कधीच आली नाही, तरी ती माणूस आहे, तिचं दुखणं बघायला एवढं कारण पुरे. दुसरे म्हणतात, पट्टा मिळाला की सगळं आपोआप बरं होईल. जमीन मिळाल्यावर घोर कमी होईल हे खरं, पण अंगात शिरलेला ताप गोळीशिवाय उतरत नाही. दोन्ही पाहिजे.

म्हणून माझ्या मते हे करायला पाहिजे.

एक. वनहक्क कायदा 2006, कलम 4(4) : पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने, आणि एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या नावाने. हे कोणाचे उपकार नाहीत, कायदा आहे. दाव्याच्या कागदावर बाईचं नाव लिहिलंय का ते वाचून घ्या. 'घरातून निघ' ही धमकी डोक्यावर असलेली बाई कधी निवांत होत नाही.

दोन. 2012 च्या सुधारित नियमाप्रमाणे वनहक्काच्या ग्रामसभेत हजर माणसांपैकी निदान एक तृतीयांश बाया पाहिजेत. नुसता अंगठा घ्यायला नाही, बोलायला. दारू आणि भट्टीचा बयाणा हे विषय तिथेच निघू द्या.

तीन. भगताला झाडपाला कळतो, त्याचा मान ठेवू. पण आजारी बाईकडे नाहीतर तिच्या शेजारणीकडे बोट दाखवून 'ही भुताळी' म्हणाला की गप्प बसायचं नाही. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात याला सहा महिने ते सात वर्षं कैद आहे.

चार. उदासी, धडधड, झोप नसणं दोन आठवड्यांवर चाललं, तर आशाताईला सांगा आणि सरकारी दवाखान्यात न्या. डॉक्टरला नुसतं डोकं दुखतं सांगू नका, सगळं सांगा. यावर औषध आहे, पण त्याला गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. मधेच आपल्या मनाने बंद करू नका. बाळंतिणीकडे जास्त लक्ष ठेवा. कोणी 'मला जगायचं नाही' म्हणाली तर हसण्यावारी नेऊ नका. तिला एकटी सोडू नका, फवारणीचं औषध घरातून काढा, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि एक काम बिनपैशाचं. जी बाई पाण्यावर यायची बंद झाली, तिच्या घरी दोघी-तिघींनी जाऊन बसा. उपदेश नको. तिचं ऐका, तिची लाकडं आणून द्या.

पुढच्या ग्रामसभेत रजिस्टरात जमिनीच्या दाव्यांखालीच हा विषय लिहा. दोन्ही आपलेच दावे आहेत.

— संघटनेची एक कार्यकर्ती