मार्सेलिसचे दोन दिवस

मार्सेलिस हे नाव माझ्या पिढीने शाळेत ऐकले ते एका उडीमुळे. ८ जुलै १९१० रोजी सावरकर 'मोरिया' बोटीच्या गवाक्षातून समुद्रात झेपावले, पोहत धक्क्याला लागले आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना धरल्यावर पुन्हा इंग्रजांच्या ताब्यात गेले. ते बंदर कधी आपण डोळ्यांनी पाहू, असे मनातही आले नव्हते. गेल्या वर्षी मुलाच्या आग्रहाखातर आम्ही उभयतां तिथे दोन दिवस राहून आलो.

जुन्या बंदरात आता शिडाच्या होड्या, सहलीच्या बोटी आणि सकाळी ताजी मासळी मांडून बसलेले विक्रेते. टेकडीवर नोत्र दाम द ला गार्दचे देऊळ. चढताना गुडघे बोलले. सौभाग्यवतींनी तिथल्या प्रसिद्ध साबणाच्या चार वड्या घेतल्या. माझी नजर मात्र कंटेनर शोधत होती. बँकेच्या बुटीबोरी शाखेत असताना निर्यातीची बिले माझ्या टेबलावरून जात, त्यामुळे ही खोड. पण मोठी मालवाहू जहाजे आता शहरात येतच नाहीत. ती पन्नासेक किलोमीटरवरच्या फॉसला लागतात.

हे बंदर सध्या आपल्या राजकारणात महत्त्वाचे झाले आहे. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी मोदी आणि मॅक्रॉन यांनी तिथे भारताच्या वाणिज्य दूतावासाचे उद्घाटन केले. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत जाहीर झालेल्या भारत-मध्यपूर्व-युरोप मार्गाचे युरोपातले एक टोक मार्सेलिस व्हावे, ही फ्रान्सची इच्छा. आखाती देशांतून रेल्वेने हैफा, पुढे पुन्हा समुद्र. पण महिनाभरातच गाझाचे युद्ध पेटले, आणि त्या वाटेवरचे रूळ अजून सलग जोडलेले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस हूथींच्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. असा वळसा म्हणजे दहा-बारा दिवस जादा, आणि तेवढे दिवस छोट्या कारखानदाराचे पैसे अडकलेले. त्याच्या कॅश क्रेडिटचे व्याज काही थांबत नाही!

तरीही मालासाठी दोन सरकारे निदान खटपट करतात. माणसाचे काय? दूतावास उघडला म्हणजे आपला व्हिसा सोपा झाला, असा इकडे अनेकांचा समज आहे. तो चुकीचा. ते कार्यालय तिथल्या भारतीयांसाठी आणि इकडे येणाऱ्या फ्रेंचांसाठी. आपला व्हिसा फ्रान्सच देणार. जून २०२४ पासून त्याची फी ९० युरो. अर्ज नाकारला तरी परत नाही. शिवाय तीस हजार युरोंचा विमा, हॉटेलचे आरक्षण, बँकेचे उतारे. आयुष्यभर मी लोकांकडे उतारे मागितले, आता माझे तपासले गेले. ठीकच झाले म्हणा. २०२४ मध्ये भारतीयांनी शेंगेन व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज केले आणि दीड लाखांहून अधिक नाकारले गेले.

सावरकरांच्या वेळीही माणूस कागदापुढे हरला होता. २४ फेब्रुवारी १९११ रोजी हेगच्या लवादाने त्यांना ताब्यात देताना अनियमितता झाल्याचे मान्य केले, पण परत करण्याचे बंधन इंग्लंडवर नाही असा निकाल दिला. त्याच वर्षी त्यांची रवानगी अंदमानला झाली.

आमचे पाहून शेजारच्या जोडप्यानेही अर्ज केला होता. तो नाकारला गेला. दोघांची मिळून १८० युरो फी गेली. आता या दिवाळीत ती दोघे अंदमानला निघाली आहेत.