गिरणीचा भोंगा आणि पंचाची शिट्टी

ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ शहरात रग्बी लीगच्या दुसऱ्या श्रेणीचा अंतिम सामना झाला. यजमान तुलूझचा संघ पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडूंचा. पाहुणा लंडन ब्रॉंकोज हा अर्धवेळ संघ. म्हणजे दिवसा नोकरी-धंदा सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात सराव करायचा. जिंकला लंडनचा संघ, १८-१४ असा. त्याला सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे सुपर लीगमध्ये, बढती मिळाली. परंतु त्याच महिन्यात सगळ्या क्लबांचे एक नवे गुणपत्रक प्रसिद्ध झाले आणि त्यात लंडनचा क्रमांक होता चोविसावा. प्रेक्षकसंख्या, आर्थिक स्थिती, मैदानाची अवस्था अशा निकषांवर हे गुण दिले होते. २०२४ चा हंगाम संपला की या गुणांवरच सुपर लीगमधल्या जागा ठरणार होत्या. म्हणजे दार उघडले तेव्हाच ते वर्षभराने बंद होणार हे जवळजवळ ठरून गेले होते. आणि झालेही तसेच.

आपल्याकडच्या वाचकाला या खेळाशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. रग्बी लीग हा प्रामुख्याने उत्तर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या काही भागांचा खेळ. तेरा-तेरा खेळाडूंचे दोन संघ, लांबट चेंडू आणि कबड्डीची आठवण व्हावी अशी पकड. सहा वेळा पकडले गेले की चेंडू दुसऱ्या संघाच्या हवाली करायचा. पण ज्या प्रश्नावर तिथे वर्षानुवर्षे वाद चालला आहे, तो खेळाच्या नियमांचा नाही, पोटाचा आहे. पूर्णवेळ पगारी खेळाडूंचे संघ आणि नोकरी करून खेळणाऱ्यांचे संघ यांना एकाच स्पर्धेत खेळवावे, की दोहोंच्या पंगती वेगळ्या मांडाव्यात? ज्या मराठी घरात एखादा मुलगा किंवा मुलगी मैदानावर घाम गाळते आहे, त्या घराला हा प्रश्न परका वाटू नये.

गंमत अशी की, या खेळाचा जन्मच मजुरीच्या भांडणातून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रग्बीचा कारभार दक्षिण इंग्लंडमधल्या, मोठ्या शाळांत शिकलेल्या मंडळींच्या हाती होता. उत्तरेत मात्र रग्बी खेळत होते ते गिरण्यांतले आणि खाणींतले कामगार. सामन्यासाठी कामावर खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी बुडे. ती बुडालेली मजुरी तरी क्लबने भरून द्यावी, एवढीच उत्तरेची मागणी होती. तिला नकार मिळाला. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. दिवसाला सहा शिलिंग खाड्याची भरपाई मान्य झाली. पुढे १८९८ मध्ये खेळण्याचे उघड पैसे देण्यास परवानगी मिळाली, तीही एका अटीवर: खेळाडूला दुसरी खरीखुरी नोकरी असलीच पाहिजे. ही अट काही वर्षांनी गेली. पण आरंभी तरी या खेळाने अर्धवेळ असणे हाच धर्म मानला होता.

या फुटीर क्लबांत ओल्डमचा क्लब होता. मुंबईच्या जुन्या कापड गिरण्यांशी ज्यांचा संबंध आला त्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. याच ओल्डमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीची यंत्रे आपल्या गिरण्यांत धडधडत होती. तिथल्या भोंग्यावर चालणारे जीवन आणि गिरणगावातले जीवन यांत फार अंतर नव्हते. तिथे शनिवारी दुपारी रग्बी, इथे संध्याकाळी मंडळाच्या पटांगणावर कबड्डी. घामाचा वास दोन्हीकडे सारखाच.

जवळजवळ नव्वद वर्षे हे असेच चालले. देशाकडून खेळणारा खेळाडूसुद्धा सोमवारी सकाळी खाणीत उतरत असे किंवा गोदीवर हजर होत असे. सगळेच अर्धवेळ असल्यामुळे पंगत एकच होती. फेदरस्टोन हे यॉर्कशायरमधले पंधरा हजारांच्या आसपास वस्तीचे खाणगाव. त्याच्या संघाने १९६७, १९७३ आणि १९८३ अशी तीन वेळा चॅलेंज कप ही सर्वांत मानाची बाद स्पर्धा जिंकली. एवढ्याशा गावाने मोठ्या शहरांना लोळवावे, हे शक्य झाले कारण दोन्हीकडचे खेळाडू सारखेच दमून मैदानावर येत.

हा समतोल मोडला तो विगनने. १९८०च्या दशकाच्या अखेरीस विगनने आपला संघ पूर्णवेळ केला. परिणाम काय झाला? १९८८ ते १९९५ अशी सलग आठ वर्षे चॅलेंज कप विगनकडेच राहिला. विगनचे खेळाडू गुणी होते यात शंका नाही. परंतु रोज सकाळी सराव, दुपारी विश्रांती आणि वेळेवर उपचार मिळणारा गडी आणि आठ तास ओझी वाहून संध्याकाळी सरावाला येणारा गडी यांत जे अंतर पडते, ते केवळ जिद्दीने भरून निघत नाही.

मग १९९५ साली रूपर्ट मरडॉक यांच्या दूरचित्रवाणी कंपनीचा पैसा आला. पाच वर्षांचे ८ कोटी ७० लाख पौंड. त्यातून १९९६ मध्ये सुपर लीग उभी राहिली आणि वरचे क्लब पूर्णवेळ झाले. पैशाबरोबर फर्मानेही आली. शेजारच्या क्लबांचे विलीनीकरण करा, असे सांगण्यात आले. फेदरस्टोन, कॅसलफर्ड आणि वेकफील्ड मिळून ‘काल्डर’ नावाचा एक क्लब काढायचा घाट घातला गेला. लोक रस्त्यावर आले आणि तो बेत बारगळला. पण कीथ्लीच्या क्लबची कथा ऐकून आजही वाईट वाटते. १९९५ मध्ये त्याने दुसरी श्रेणी जिंकली होती. बढती हक्काची होती. सुपर लीगमध्ये मात्र त्याच्याऐवजी नव्याने निर्माण केलेल्या पॅरिसच्या संघाला आणि कीथ्लीच्या खाली राहिलेल्या लंडनला जागा मिळाली. मैदानावर कमावलेले कागदावर गेले. अठ्ठावीस वर्षांनी त्याच लंडनच्या वाट्याला तेच आले, हा काळाचा न्याय म्हणावा की अन्याय?

त्यानंतर खेळाच्या चालकांनी किती प्रयोग केले! २००९ पासून बढती-घसरण बंद करून तीन-तीन वर्षांचे परवाने दिले. २०१५ मध्ये ते मोडीत काढून वरच्या श्रेणीतले शेवटचे चार आणि खालच्या श्रेणीतले पहिले चार यांना एकत्र खेळवले, आणि शेवटच्या जागेसाठी ‘दहा लाख पौंडांचा सामना’ भरवला. २०१९ पासून पुन्हा एक वर, एक खाली. २०२५ पासून आयएमजी या कंपनीच्या सल्ल्याने २० गुणांचे प्रगतिपुस्तक. आणि २०२६ च्या हंगामासाठी सुपर लीग बाराऐवजी चौदा संघांची झाली. सारख्या औषध बदलणाऱ्या घरात रोगाचे निदान झालेले नसते, असे आपली आजी म्हणाली असती.

माझ्या मते निदान सोपे आहे. वर पूर्णवेळ संघ, तळाला अर्धवेळ संघ. खरा घोटाळा मधल्या पायरीवर आहे. दुसऱ्या श्रेणीत वरून घसरलेले पूर्णवेळ क्लब आणि कष्टाने चालणारे अर्धवेळ क्लब एकाच मैदानावर येतात. २०१७ मध्ये तर टोरांटोचा नवा पूर्णवेळ संघ थेट तिसऱ्या श्रेणीत, निव्वळ अर्धवेळ संघांमध्ये, उतरवण्यात आला. गुणफलक एकतर्फी होऊ लागले. पुढे तो संघ सुपर लीगमध्ये पोचला आणि २०२० मध्ये कोरोनाच्या काळात हंगाम अर्धवट टाकून बाहेर पडला. त्याने तुडवलेल्या छोट्या क्लबांच्या पदरी काय पडले?

काही वर्षांपूर्वी यॉर्कशायरमध्ये आप्तांकडे राहिलो असताना मी बॅटलीच्या मैदानावर एक सामना पाहिला. १८९७ साली पहिला चॅलेंज कप जिंकणारा हाच क्लब. मैदान एका बाजूला इतके उतरते की अर्धा वेळ डोंगर चढायचा आणि अर्धा वेळ उतरायचा. शेजारी बसलेल्या आजोबांनी मला एकेका खेळाडूचा धंदा सांगितला: हा नळाची कामे करतो, तो शाळेत शिकवतो. एक गडी खांदा धरून बाहेर गेला तेव्हा आजोबा खेळाबद्दल काहीच बोलले नाहीत. “उद्या कामावर कसा जाणार?” एवढेच म्हणाले. १८९५ चा तोच खाडा, फक्त दिशा बदललेली. तेव्हा खेळासाठी मजुरी बुडे. आता खेळातल्या दुखापतीने बुडते.

म्हणून मी वेगळ्या पंगतीच्या बाजूचा आहे. हे शरीरावर आदळणारे खेळ आहेत. दोन असमान तयारीच्या माणसांना एकमेकांवर धावून जायला सांगणे यात न शौर्य आहे, न करमणूक. फेब्रुवारी २०२५ मध्ये आर्थिक अडचणीतल्या सॅल्फर्डने निर्बंधांमुळे आपला दुबळा संघ सेंट हेलेन्सपुढे उतरवला आणि ०-८२ अशी हार पत्करली. ते क्लब तर पूर्णवेळ म्हणवणारे. अशा सामन्यातून कोणाला काय मिळाले?

परंतु वेगळी पंगत म्हणजे बंद दार नव्हे, आणि इथेच माझे चालकांशी जमत नाही. हल किंग्स्टन रोव्हर्सचे उदाहरण पाहा. २०१६ मध्ये त्या दहा लाख पौंडांच्या सामन्यात तो क्लब हरला आणि खाली गेला. वर्षभरात परतला. २०२० मध्ये तो तळाला होता. त्या कोरोनाच्या वर्षी कोणालाच खाली पाठवायचे नाही असे ठरले म्हणून वाचला. आणि २०२५ मध्ये त्याने चॅलेंज कप, साखळीतला पहिला क्रमांक आणि अंतिम विजेतेपद अशी तिन्ही शिखरे जिंकली. १९९६ पासून २०२४ पर्यंत अवघ्या चार क्लबांनी वाटून घेतलेले विजेतेपद पाचव्याकडे गेले. परतायला दार होते आणि वर आल्यावर उसंत मिळाली, या दोन्ही गोष्टींचे ते फळ आहे.

अर्धवेळ क्लबला नेमकी हीच उसंत मिळत नाही. ऑक्टोबरात बढती मिळते, फेब्रुवारीत हंगाम सुरू होतो. चार महिन्यांत तीस गड्यांनी ठरवायचे की बांधलेली नोकरी सोडायची की नाही. तीही एका वर्षाच्या करारासाठी! ज्याच्या घरी लहान मूल आहे आणि घराचा हप्ता चालू आहे, त्याने काय करावे? मग क्लब दुसऱ्यांचे उरलेसुरले खेळाडू गोळा करतो, ज्यांनी बढती मिळवली ते मागेच राहतात, आणि वर्षअखेर संघही जातो नि पैसाही.

तेव्हा सीमारेषा आखायचीच तर ती क्लबच्या आसनव्यवस्थेवर आखू नये, खेळाडूच्या वेतनावर आखावी. ज्याला पूर्णवेळ व्हायचे आहे त्याने हिशेब उघडे करून तसे जाहीर करावे. अर्धवेळ संघांना त्यांची स्वतःची, अभिमानाने जिंकावी अशी स्पर्धा द्यावी, आणि दुखापतीने बुडणाऱ्या मजुरीचा विमा द्यावा. तिथल्या विजेत्याला वर जायचे असेल तर तयारीला एक वर्ष आणि वर गेल्यावर किमान तीन वर्षांची हमी द्यावी. तीन वर्षांच्या करारावर माणूस घरी बसून बायकोशी विचार करू शकतो. आणि चॅलेंज कप मात्र सर्वांचा राहू द्यावा. वर्षातून एकदा एका मांडवात जेवायला हरकत नाही.

आपल्याकडे मुंबईच्या कबड्डीत स्थानिक आणि व्यावसायिक असे वेगळे गट कित्येक स्पर्धांत असतात. बँका आणि कंपन्यांच्या संघांपुढे गल्लीतल्या मंडळाचा निभाव लागत नाही, म्हणून ही वाट काढली गेली. फरक एवढाच की, आपला व्यावसायिक गडी म्हणजे खेळामुळे नोकरी मिळालेला माणूस. तिकडचा पूर्णवेळ गडी म्हणजे खेळासाठी नोकरी सोडलेला माणूस. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आल्यापासून आपल्याकडेही हा दुसरा प्रकार दिसू लागला आहे. लिलावाची बोली सर्वांना ऐकू येते. बोली न लागलेल्याचे पुढे काय, हे ऐकायला कोणी थांबत नाही.

इंग्लंडमध्ये क्रिकेटपटूंची हौशी ‘जंटलमन’ आणि पगारी ‘प्लेअर’ अशी विभागणी १९६२ पर्यंत होती. ती माणसाची जात ठरवणारी विभागणी होती, म्हणून गेली ते बरेच झाले. नवी विभागणी करताना एवढे भान हवे की, ती फक्त माणसाच्या हाती सरावाला किती तास आहेत हे सांगणारी असावी, त्याची किंमत ठरवणारी नव्हे. दिवसभर राबून संध्याकाळी मैदानावर येणारा माणूस अर्धवेळ खेळाडू असेल; अर्धा खेळाडू नव्हे.