आधी व्होल्ट मोजा, मग बॅटरी बदला

सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टक्‌’ वाजलं की ‘बॅटरी गेली’ असा निकाल लागतो आणि तासाभरात हजारो रुपयांची नवी बॅटरी बसवली जाते. गाडी सुरू होते, म्हणून निदान बरोबरच होतं असं सगळे धरून चालतात. फसगत इथेच होते. भरलेली नवी बॅटरी अल्टरनेटर बंद पडलेला असतानाही काही काळ गाडी चालवते. मग तीही उतरते आणि गिऱ्हाईक कंपनीच्या नावाने खडे फोडतं. त्यामुळे मोजल्याशिवाय गॅरेजने बॅटरी विकू नये आणि मोजलेले आकडे बिलावर लिहून द्यावेत, असं माझं मत आहे.

मोजायचं तरी कितीसं असतं? रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती उतरली आहे. पण मेली की नाही, हे चार्ज करून लोड टेस्ट घेतल्यावरच कळतं. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. ते मिळत नसतील तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि वायरिंग तपासावं. डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चित्राचा लाल दिवाही बहुधा चार्जिंगचीच तक्रार सांगत असतो. हे सगळं ठीक असूनही सेल्फ फिरत नसेल, तर मीटरची एक पिन बॅटरीच्या खांबावर, दुसरी त्यावरच्या क्लॅम्पवर टेकवून सेल्फ मारावा. अर्धा व्होल्ट जरी दिसला, तरी खोट त्या सांध्यात आहे. तिथली पांढरी-हिरवट भुकटी घासून काढायला पैसे पडत नाहीत. कदाचित म्हणूनच ती कुणी दाखवत नाही.

‘जुन्या मेकॅनिकला हे कानानेच कळतं’ असं म्हणतात. कळतही असेल, पण चालू इंजिनवर टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासण्याची जुनी खोड आजच्या गाडीचा ईसीयू जाळू शकते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अनेक नव्या गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवायला मुद्दाम व्होल्टेज कमी करतो, मग १४ चा आकडा कशाला धरायचा? अशा गाडीत हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा मोजावं किंवा स्कॅनर जोडावा. म्हणजे तिथे मोजमाप उलट वाढतं. चार वर्षं विदर्भाच्या उन्हात काढलेली बॅटरी खरोखरच संपलेली असू शकते. तसं असेल तर लोड टेस्टरवर ते दिसेलच. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. जो दुकानदार तो लावून दाखवायला कां-कूं करेल, त्याच्याकडून बॅटरी घेऊ नका.