आंब्याची अढी आणि मनातली अढी

परवा नेरूळला आमच्या सोसायटीच्या गेटपाशी एक आंबेवाला टेंपो लावून उभा होता. पाटीवर मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलेलं, "१०० टक्के केमिकल-फ्री हापूस". पेटीमागे दोनशे रुपये जास्त, आणि तरी रांग! रांगेत आमची सूनबाईसुद्धा. मी म्हटलं, "अहो दादा, केमिकल नाही म्हणता, मग आंब्यात पाणी तरी आहे ना?" तो म्हणाला, "आजी, पाणी म्हणजे काय केमिकल आहे का?" सगळी रांग हसली. सून हळूच म्हणाली, "आई, चला ना घरी, ऊन लागेल."

ऊन नाही लागलं, पण ते हसणं लागलं. हसणाऱ्यांत सगळे शिकले-सवरलेले होते. पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं संयुग, हे प्रत्येकाने शाळेत कधी ना कधी लिहून दोन मार्क मिळवलेले असणार. मग ते गेलं कुठे?

मी स्वतः मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. पण शाळेत विज्ञानाचे शिक्षक कमी, म्हणून कित्येक वर्षं सातवीपर्यंतचं विज्ञान माझ्याच गळ्यात. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण, अणू, रेणू... सगळ्यांच्या व्याख्या मी फळ्यावर लिहून दिल्या, मुलांनी त्या घोकल्या. रासायनिक बदलाची उदाहरणं दर वर्षी तीच: लोखंड गंजणे, दुधाचे दही होणे, कैरी पिकणे.

कैरी पिकणे! बघा, उत्तर आम्हीच शिकवत होतो. कैरी पिकते तेव्हा तिच्यातल्या स्टार्चची साखर होते, आम्ल कमी होतं, सालीतलं हरितद्रव्य जाऊन पिवळा रंग दिसू लागतो, वास देणारे नवे पदार्थ तयार होतात. बर्फाचं पाणी केलं तर पुन्हा बर्फ करता येतो, पण आंब्याची पुन्हा कैरी करून दाखवा बरं! म्हणजे पिकणं हाच मुळी रासायनिक बदल. "केमिकल-फ्री पिकलेला आंबा" म्हणजे "ओलं न होता पोहलेला माणूस".

कुणी म्हणेल, "बाई, शब्दाचा कीस कशाला काढता? लोकांना म्हणायचंय ते कळतंय ना?" मला वाटतं, नाही कळत. तेच सांगायचंय.

आपल्या वाशीचा फळबाजार सगळ्यांना ठाऊक आहे. मोसमात कोकणातून हापूसच्या पेट्या तिथे उतरतात, त्यातले बरेच आंबे कच्चेच असतात. ते पिकवायचे दोन मार्ग आपण नीट पाहू.

पहिला कॅल्शियम कार्बाइडचा. करड्या रंगाचे खडे, कागदाच्या पुडीत बांधून पेटीत ठेवतात. दमट हवेतलं पाणी लागलं की त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू निघतो आणि मागे उरतो चुना. हाच वायू गॅस वेल्डिंगला वापरतात. पूर्वी कार्बाइडचे दिवे असत, ते याच वायूवर जळत. त्यांचा लसणासारखा वास माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. तो वास मुख्यतः भेसळीचा. बाजारी कार्बाइडमध्ये फॉस्फरस आणि आर्सेनिकचे अंश असतात, आणि त्यांचे वायू विषारी. म्हणून आपल्या देशात कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत ती स्पष्ट लिहिलेली आहे.

दुसरा मार्ग एथिलीनचा. हा वायू आंबा स्वतःच सोडतो! आपली आजी गवतात अढी घालायची तेव्हा काय करत होती? आंब्यातून निघालेला एथिलीन अढीत कोंडून ठेवत होती. एक आंबा पिकला की शेजारचेही पिकतात, ते त्यामुळेच. बंद खोलीत मोजून एथिलीन सोडायचा, ही तीच अढी, फक्त मोठी. २०१६ साली एफएसएसएआयने त्याला परवानगी दिली, हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत.

आता गंमत बघा. अ‍ॅसिटिलीनच्या रेणूत कार्बनचे दोन अणू आणि हायड्रोजनचे दोन. एथिलीनच्या रेणूत कार्बनचे दोन आणि हायड्रोजनचे चार. फरक दोन अणूंचा! पण एक आंब्याच्या पोटचा, आणि दुसरा बाहेरून आणलेला, तोही विषारी सोबती घेऊन. मूलद्रव्यांच्या नावांवरून माणसाने घाबरू नये ते यासाठी. सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो, क्लोरीन तर १९१५ साली युद्धात माणसं मारायला वापरला. दोघांचं संयुग झालं की आपण ते चिमूटभर आमटीत घालतो.

म्हणून "केमिकल" या शब्दावर माझा राग आहे. जो व्यापारी पैसे घालून एथिलीनची खोली बांधतो तोही "केमिकलवाला", आणि जो चोरून कार्बाइडची पुडी सरकवतो तोही "केमिकलवाला". दोघांना एकच शिवी दिली तर प्रामाणिकपणा कुणी कशाला करायचा? तिसरा मात्र नुसती पाटी लावून दोनशे रुपये जास्त घेतो. त्याला कुणी काही विचारतच नाही!

लोकांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. आम्ही नवी मुंबईकर, भीती कशी नसेल? २०१७ साली तळोज्यात कुत्री निळी झाली होती, आठवतंय ना? पण तिथे "केमिकल वाईट" एवढंच म्हणून भागलं नाही. कोणता रंग, कोणत्या कारखान्यातून, हे शोधलं, तेव्हाच प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. नाव घेतलं तर दोषी सापडतो. मोघम बोललं की तो गर्दीत निसटतो.

यात आम्हा शिक्षकांची चूक मोठी आहे. आम्ही व्याख्या पाठ करून घेतल्या, पण एकदाही वर्गात अढी घातली नाही. चार कैऱ्या, थोडं गवत आणि आठवडाभराचा धीर, एवढंच लागलं असतं. मुलांना रासायनिक बदलाचा वास आला असता, आणि तो कुणी विसरलं नसतं.

असो. उशिरा का होईना, घातली. रविवारी नातवाला घेऊन खोक्यात गवत पसरलं आणि बारा कैऱ्या ठेवल्या. तो रोज हुंगून बघतो. सूनबाईंनी आणलेली ती पेटीही घरात आहेच. आंबे वरून एकसारखे पिवळेधमक, आत मात्र आंबट निघाले.

आंब्याची अढी आठ-दहा दिवसांत उतरते, मनातली उतरायला वेळ लागतो. तोवर एवढंच करा मंडळी. आंबेवाल्याला "केमिकल आहे का?" असं विचारू नका, तो "नाही" म्हणणारच. "कशानं पिकवला?" असं विचारा, आणि तो काय उत्तर देतो ते मलाही कळवा.