माझा छंद बॅडमिंटन : फळ्यावरचा निबंध आणि मैदानावरचा



'माझा आवडता छंद' हा निबंध आपण सगळेच दरवर्षी घेतो. मीही घेते. मागच्या वर्षापर्यंत माझी पद्धत ठरलेली होती. फळ्यावर मुद्दे लिहायचे: छंदाचे नाव, तो कधी लागला, त्याचे फायदे, आणि शेवटी एक गोड वाक्य. मुलं उतरवून घ्यायची. चौथीच्या अठ्ठावीस वह्यांपैकी वीस वह्यांत छंद 'वाचन' निघायचा. आमच्या कपाटातली गोष्टीची पुस्तकं वर्षातून किती वेळा बाहेर निघतात हे मला ठाऊक होतं. तरी मी लाल पेनाने बरोबरची खूण करायचे.

माझा स्वतःचा छंद मात्र बॅडमिंटन आहे. आमच्याकडची मुलं त्याला फूल-रॅकेट म्हणतात. पाच वर्षं खेळतेय आणि खरं सांगायचं तर बरंच वाईट खेळते. डाव्या बाजूला आलेलं फूल मला अजून उलट्या हाताने धड मारता येत नाही. आमच्या कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर थंडी सुरू झाली की फक्कीने रेषा आखतात, दोन लोखंडी पाइपांना जाळी बांधतात आणि वर हॅलोजन लावतात. पिसांचं फूल तिथे चालत नाही. सोळा पिसं आणि वजन जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे जराशी झुळूक आली की ते शेजारच्या अंगणात. आम्ही प्लास्टिकचं वापरतो. तरीही वारा असला की एका बाजूला फुकटचे गुण मिळतात, म्हणून आठव्या गुणाला बाजू बदलायची असा आमचा घरचा नियम आहे.

या खेळाबद्दल मी वर्गात सांगितलेलंही आहे. १८७३ च्या सुमारास पुण्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचे नियम बसवले आणि काही काळ या खेळाचं नावच 'पूना' होतं. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली परदेशात आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. मुलांनी हे छान लिहून घेतलं. पण 'बाई, तुम्ही जिंकता का?' असं कोणी विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही, की मी बहुतेक वेळा हरते आणि दुसऱ्या दिवशी परत जाते.

२५ जानेवारीला रात्री कॉलनीत स्पर्धा होती. स्पर्धा कसली, चिठ्ठ्या टाकून बारा जोड्या, पंधरा गुणांचा एकच गेम. आमची जोडी पहिल्याच फेरीत १५-६ अशी गारद झाली. लगेच आमचे अध्यक्ष काका म्हणाले, "मॅडम, आता मोकळ्याच आहात, तर फोटो काढा." भावाचा जुना कॅमेरा घरात होता, तो आणला.

पहिले पन्नास फोटो वाया गेले. काहींत नुसता पांढरा फराटा, काहींत रॅकेट आहे आणि फूल गायब. २०२३ मध्ये आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला. आमच्या काकांचा तेवढा नसला तरी कॅमेऱ्याला पुरून उरतो. फ्लॅश मारला तर समोरच्याच्या डोळ्यांवर येतो, म्हणून तो बंद ठेवावा लागतो, आणि बंद ठेवला की उजेड पुरत नाही. शेवटी मी फुलाचा नाद सोडला आणि चेहऱ्यांवर लक्ष ठेवलं. मागच्या कोपऱ्यात खाली बसले. फूल सगळ्यात वर जातं तेव्हा खेळाडू क्षणभर मान वर करून थांबतो, तेवढ्यात बटण दाबायचं. हे एकदा जमलं आणि फोटो यायला लागले. साडीचा पदर खोचून उडी मारणाऱ्या आमच्या शेजारच्या काकू, गुण गेल्यावर स्वतःच्याच कपाळावर हात मारणारे बँकेतले भाऊ.

ग्रुपवर सगळ्यांनी मागितला तो मात्र करंडकाचाच फोटो. सहा माणसं ओळीत उभी आणि मागे बॅनर.

घरी सगळे फोटो पाहताना जवळजवळ प्रत्येकात एकच मुलगा दिसला. माझ्याच वर्गातला. त्याची आई कॉलनीत कामाला येते. कुंपणापलीकडे किंवा गटारात गेलेलं फूल आणून द्यायचं काम त्याने आपण होऊन घेतलं होतं. एका फोटोत पुढे काका स्मॅश मारताहेत, आणि मागे हा रिकामा हात तसाच वर नेऊन, बरोबर त्याच कोनात उभा आहे.

त्याची वही काढून पाहिली. 'माझा आवडता छंद वाचन.' मी आठ गुण दिले होते.

शाळेतसुद्धा आपण असंच करतो की नाही बघा. क्रीडा सप्ताहाचे फोटो म्हणजे पाहुणे, नारळ, बॅनर, प्रमाणपत्र. अहवालाला ते लागतात हे मान्य, वरून मागतात आणि द्यावेच लागतात. पण त्यासाठी दोन फोटो पुरेत. उरलेला वेळ मैदानाच्या कोपऱ्यात खाली बसून मुलं खेळताना बघावं, असं माझं मत आहे. आणि फळ्यावर निबंध तयार लिहून देणं हे मला आता त्या बॅनरच्या फोटोसारखंच वाटतं. सगळं नीट दिसतं, फक्त मूल दिसत नाही.

एका सहकारी सरांना हे बोलले. ते म्हणाले, "अशाने लेखनाला वळण राहत नाही, कच्च्या मुलांना मुद्दे लागतातच." त्यांचं अगदी चूक नाही. मुद्दे लागतात, पण ते त्याच मुलाला विचारून काढावेत. एका मुलामागे दहा मिनिटं जातात आणि अठ्ठावीस मुलांना एक आठवडा लागतो. मला तरी लागला.

त्या मुलाला मी फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "बाई, निबंधात फूल-रॅकेट चालतं?" त्याच्या आईला विचारून फोटोची एक प्रत त्याला दिली, ग्रुपवर टाकला नाही. फेब्रुवारीत त्याने निबंध पुन्हा लिहिला. दीड पान. त्यातलं अर्धं पान जाळी कशी बांधायची, पाइप हलू नये म्हणून खाली कोणता दगड लावायचा, यावरच आहे. फायदे एकही लिहिलेले नाहीत. शुद्धलेखनाच्या सतरा चुका निघाल्या, त्या आम्ही दोघांनी मिळून मधल्या सुट्टीत दुरुस्त केल्या. तेव्हा त्यानेच सांगितलं, की मी फूल मारताना डोळे मिटते.