मला म्हाळसाच आवडते

'जय मल्हार' ही मालिका झी मराठीवर २०१४ ते २०१७ या काळात लागत होती. तेव्हा मी पाळण्यात होते. जुने भाग मी आजीबरोबर मोबाईलवर पाहिले. खंडोबाचे काम देवदत्त नागे यांनी केले आहे, म्हाळसेचे सुरभी हांडे यांनी आणि बानूचे ईशा केसकर यांनी. आमच्या वर्गातल्या सगळ्या मुलींना बानू आवडते. त्या म्हणतात, म्हाळसा आधी चांगली होती, मग खाष्ट झाली. मला हे पटत नाही.

म्हाळसा नेवाशाच्या तिम्मशेट वाण्याची मुलगी. ती पार्वतीचा अवतार. पालीला तिचे लग्न झाले. तेव्हा तिला फक्त खंडोबाकडे जायचे होते. पण मणी-मल्ल लोकांना छळू लागले, तेव्हा ती घोड्यावर बसून लढाईला गेली. जेजुरीच्या टाकांवर दोघे एकाच घोड्यावर असतात, ते नीट बघा. ती घरी रडत बसली नाही.

मग सारीपाट. पैज अशी की हरेल त्याने बारा वर्षे वनवासात जायचे. खंडोबा हरला! देव असून हरला. तो चंदनपुरीला बानूच्या घरी चाकर म्हणून राहिला, मेंढरं राखली. आजी म्हणते, तो मुद्दामच हरला होता. म्हणजे म्हाळसेचे जिंकणेसुद्धा खोटेच की! आणि परत आला तो बानूला घेऊन. आता सांगा, ती चिडणार नाही तर काय करणार?

जागरणात वाघ्या-मुरळी दोघींचे भांडण गातात, त्यात म्हाळसा बानूला धनगराची म्हणून हिणवते. ते मला बिलकूल आवडत नाही. बानूचा काय गुन्हा? हा चाकर कोण आहे, हे तिलापण कुठं ठाऊक होतं? दोघींना कोणी खरे सांगितलेच नाही. पण खंडोबाला कोणी बोलत नाही.

आमच्या आळीत एखादी बाई मोठ्याने बोलली की लोक म्हणतात, "झाली म्हाळसा!" आमच्या घरी कांद्याचे पैसे आईला न विचारता खर्च झाले. तिने फक्त एवढेच विचारले, "मला आधी का सांगितलं नाही?" तिलापण तेच ऐकावे लागले. आई खाष्ट नाही. कांदा तिनेच खुरपला होता.

जेजुरीला बानूचे देऊळ अर्ध्या डोंगरावर आहे आणि म्हाळसा वर खंडोबाजवळ. आजी दोघींनाही भंडारा वाहते.

स्नेहसंमेलनात आम्ही यावरच नाटुकले करणार आहोत. बानू व्हायला सात मुली तयार आहेत, कारण तिला खरे कोकरू मिळणार आहे. म्हाळसेचे काम मी मागून घेतले आहे. सारीपाट मी घरून आणीन, पण सोंगट्या दोन कमी आहेत. कोणाच्या घरी असतील तर बाईंकडे द्या.

— इयत्ता चौथी