तेलकट केस आणि शिरस्त्वचेचे घर्षण

तेलकट केसांची तक्रार घेऊन येणारे रुग्ण अलीकडे विचारतात, की डोक्याला ‘स्क्रब’ करावा काय? आमच्या मते या प्रश्नाची उपेक्षा करणे योग्य नव्हे. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात उद्वर्तन हे कफहर व मेदाचे विलयन करणारे सांगितले आहे. तेव्हा घर्षणाची कल्पना आपणांस परकी नाही. उलट, प्रत्येक केशविकारात तेलाची बाटली हाती देण्याची रूढी तपासून पाहावयास हवी. कोंड्याशी संबंध असलेली मालासेझिया ही बुरशी त्वचेवरील स्निग्धांशावरच पोसते. अशा रुग्णांत शिकेकाई, त्रिफळा यांचा रूक्ष प्रयोगच युक्त होय, असे आम्ही मानतो.

मात्र त्याची मर्यादाही सांगावयास हवी. स्नेहस्राव करणाऱ्या ग्रंथी त्वचेच्या आतील थरात असतात. घर्षणाने वरचा मळ व खपल्या निघतात, स्राव थांबत नाही. म्हणून ‘तेलकटपणा कायमचा नाहीसा’ असे वेष्टनावर छापणे अनुचित होय.

औषधविक्रेत्या बंधूंना आमची विनंती आहे, की या कामी भरड चूर्ण देऊ नये. आयुर्वेदिक फॉर्म्युलरीत चूर्णासाठी किमान ८० मेशची चाळणी सांगितली आहे. शिरस्त्वचेसाठी ते वस्त्रगाळच असावे. आठवड्यातून एकदा, नखे न लावता, बोटांच्या अग्रांनी दोन-तीन मिनिटे चोळणे पुरे. व्रण, पूय वा सोरायसिस असता हा प्रयोग टाळावा. सॅलिसिलिक अॅसिडयुक्त शाम्पू वापरणाऱ्याने त्याच दिवशी चूर्ण चोळू नये. एवढे निर्देश पुडीसोबत छापून देणे प्रत्येक औषधालयास सहज शक्य आहे.